गोष्ट जुनीच, पान उलटेपर्यंत

एक मुलगी असते. तिला दुसरी एक मुलगी आवडायला लागते. आपल्याला नेमकं काय होतंय, हे आधी तिचं तिलाच उमगत नाही. मग उमगतं. एक दिवस धीर करून ती बोलून टाकते. दुसरीच्याही मनात तेच असतं. संपली गोष्ट.

जपानी मांगात, म्हणजे तिथल्या चित्रकथांच्या अफाट दुनियेत, 'युरी' नावाची एक शाखा आहे. युरी म्हणजे लिलीचं फूल. मुलीमुलींमधलं, बायकाबायकांमधलं प्रेम हा या शाखेचा विषय. तिच्यातली पुस्तकं ओळीनं वाचत गेलं, की वरची सात वाक्यं परत परत भेटत राहतात. शाळा बदलते, गणवेश बदलतो, केसांची ठेवण बदलते, पण सांगाडा तोच. एरिका फ्रीडमन या अमेरिकी समीक्षक वीसहून अधिक वर्षं युरीवर लिहीत आहेत. त्यांनी या सांगाड्याचं बारसंच करून टाकलं : 'स्टोरी ए'. वर्णमालेतलं पहिलं अक्षर, कारण यापेक्षा साधी गोष्ट असूच शकत नाही.

मग नवल वाटतं ते असं. शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असताना विसाव्या पुस्तकातसुद्धा छातीत धडधडतं का? आणि त्याच सांगाड्यावरचं एकविसावं पुस्तक हातातून गळून का पडतं? दोन्हींत कल्पना एकच आहे. फरक पडतो तो मांडणीत. ही मांडणी जवळून पाहायला लागलो, आणि 'नवं' या शब्दाचा मला वाटत असलेला अर्थच हळूहळू बदलत गेला. तो कसा बदलला, ते सांगायचं आहे.

फुलांच्या नावाच्या कथा

सुरुवात शंभर वर्षांहून मागे आहे. 1899 साली जपानमध्ये मुलींच्या उच्च शाळांसाठी फर्मान निघालं आणि प्रत्येक प्रांतात अशा शाळा उभ्या राहू लागल्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुली पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं घराबाहेर, एकमेकींच्या सहवासात दिवस काढू लागल्या. त्यातून एक रिवाज जन्मला. वरच्या वर्गातली 'ताई' आणि खालच्या वर्गातली धाकटी यांच्यात एक खास, गहिरं नातं जुळायचं. चिठ्ठ्या जायच्या, भेटी दिल्या जायच्या, रुसवेफुगवे व्हायचे. या नात्याला मुली 'एस' म्हणत. सिस्टर या शब्दाचं ते पहिलं अक्षर.

या 'एस'ला साहित्यात आणलं योशिया नोबुको यांनी. 1916 पासून त्या मुलींच्या मासिकात 'हाना मोनोगातारी', म्हणजे 'फुलांच्या कथा', लिहू लागल्या. पन्नासहून अधिक कथा, आणि प्रत्येकीला एका फुलाचं नाव. अर्धवट सोडलेली वाक्यं, टिंबटिंबं, उसासे, पाकळ्या, संध्याकाळचा प्रकाश. घडतं फारच थोडं. कुणी कुणाकडे पाहतं, कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं. समाजाची अट अशी होती, की हे नातं शाळेच्या फाटकाशी संपलं पाहिजे. पदवीदान झालं, की मुलीनं सासरी जायचं. म्हणून त्या कथांवर सतत निरोपाची सावली आहे.

खुद्द योशियांनी मात्र ती अट मानली नाही. 1923 साली त्यांची भेट मोनमा चियो या गणिताच्या शिक्षिकेशी झाली, आणि दोघी योशियांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1973 पर्यंत, एकमेकींच्या राहिल्या. लग्नाचा मार्ग बंद होता. तेव्हा 1957 साली योशियांनी मोनमा यांना कायद्यानं दत्तक घेतलं, निदान कागदावर तरी दोघी एका घरच्या व्हाव्यात म्हणून. गोष्टीत ज्या शेवटाला परवानगी नव्हती, तो शेवट लेखिका घरी जगत होती.

मरावंच लागायचं

मांगात ही गोष्ट आली 1971 साली. यामागिशी र्योको यांची 'शिरोई हेया नो फुतारी', म्हणजे 'पांढऱ्या खोलीतल्या दोघी', ही बहुतेक अभ्यासक पहिली युरी मांगा मानतात. फ्रान्समधली निवासी शाळा, एका खोलीत राहणाऱ्या रेसीन आणि सिमोन. एक सोनेरी केसांची, भाबडी. दुसरी काळ्याभोर केसांची, बंडखोर. दोघी एकमेकींत गुंततात, लोक बोलायला लागतात, रेसीन घाबरून पळते, आणि शेवटी सिमोन मरते.

त्या दशकातल्या अशा कथांत हा मृत्यू जवळजवळ नेमच होता. मृत्यू नसेल तर ताटातूट. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगभूमीवर आलं. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी करायला केवढं धाडस लागलं असेल! पण मित्रा नावाच्या त्या नायिकेच्या वाट्यालाही शेवटी मरणच आलं. दोन देश, दोन भाषा, दोन वेगळे कलाप्रकार. या प्रेमाला जगवायचं कसं, हे गोष्टीला अजून सुचत नव्हतं.

हे ध्यानात घेतलं, की 'स्टोरी ए'कडे पाहण्याची नजर बदलते. ज्या गोष्टीत प्रेम करणारीनं मरायचंच असतं, तिथे 'दोघी एकमेकींना आवडल्या आणि दोघी जिवंत राहिल्या' हे वाक्य किती नवं असेल! मुलगा-मुलीच्या प्रेमकथेत हा शेवट हजार वेळा झिजलेला आहे. मुली-मुलीच्या कथेत तो पहिल्यांदा आला तेव्हा क्रांतीच होती. आज ज्या सांगाड्याला आपण साचा म्हणतो, तो एके काळी सगळ्यात धाडसी कल्पना होता.

नावाची कहाणीही याच काळातली. 'बाराझोकु', म्हणजे 'गुलाबाची जमात', हे पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं मासिक होतं. त्याचे संपादक इतो बुंगाकु यांनी 1976 साली बायकांच्या पत्रांसाठी एक सदर सुरू केलं आणि त्यांना नाव दिलं 'युरीझोकु', लिलीची जमात. पुढे त्यातली 'जमात' गळाली आणि फूल तेवढं उरलं.

टाय नीट करणारा हात

1998 साली कोन्नो ओयुकी यांची 'मारिया-सामा गा मितेरु' ही कादंबरीमालिका पुस्तकरूपात सुरू झाली. मुलींची एक कॅथलिक शाळा. सकाळची वेळ. मेरीच्या पुतळ्यापाशी हात जोडून निघालेल्या युमीला मागून कुणीतरी थांबवतं. वळून पाहते तर सगळ्या शाळेची लाडकी साचिको! साचिको तिच्या गणवेशाचा वाकडा टाय सरळ करते आणि निघून जाते. बस, एवढंच.

पण या एवढ्याशा हालचालीत अख्खं जग मावलेलं आहे. कोण मोठी, कोण लहान, कुणाला स्पर्श करायचा हक्क, कुणाची कानशिलं तापणार. योशियांच्या काळातलं 'एस' नातं कोन्नोंनी जसंच्या तसं उचललं, त्याला जपमाळ देण्याघेण्याचा विधी जोडला, आणि साठ-सत्तर वर्षं मागे पडलेली गोष्ट पुन्हा हजारो वाचकांच्या हातात दिली. कल्पना उसनी होती, पण टाय सरळ करणारा तो हात त्यांचा स्वतःचा होता.

त्या लाटेवर 2003 साली 'युरी शिमाई' हे युरीला वाहिलेलं नियतकालिक निघालं. ते बंद पडल्यावर 2005 साली 'कॉमिक युरी हिमे' सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. दर अंकात नव्या मुली प्रेमात पडू लागल्या. आणि जे व्हायचं तेच झालं : क्रांतीचा साचा बनला. शाळेची गच्ची, पावसात एकच छत्री, सांस्कृतिक महोत्सवातलं नाटक, आजारी मैत्रिणीच्या घरी वह्या पोचवणं. वाचकाला पुढचं पान न उलटताही दिसायला लागलं.

जग ठरलेलं, युक्ती नवी

इथे साधारणपणे तक्रार येते, की 'नवीन काही नाही'. पण जपानी रंगभूमीनं या प्रश्नाचा विचार फार आधी करून ठेवलेला आहे, आणि तो मला विलक्षण वाटतो.

एदो काळातल्या काबुकी नाटककारांकडे दोन शब्द होते. एक 'सेकाई', म्हणजे जग. प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असलेली माणसं, काळ, घराणी, युद्धं. दुसरा 'शुको', म्हणजे त्या ठरलेल्या जगात नाटककारानं योजलेली नवी युक्ती. वर्षाचा नवा हंगाम उभा करण्याआधी नाट्यगृहातली जाणती मंडळी एकत्र बसून यंदा कोणतं 'जग' घ्यायचं हे ठरवत. त्या बैठकीला नावही होतं : 'सेकाई सादामे'. म्हणजे जग उसनं घेणं ही चोरी नव्हती, तो कामाचा पहिला टप्पा होता. कस लागायचा तो शुकोत.

सूड घेणाऱ्या 47 सामुराईंचं 'चुशिंगुरा' 1748 सालचं. 1825 साली त्सुरुया नानबोकु यांनी त्याच जगात एक कोपरा शोधला. सूडाच्या कटातून गळालेला एक नादान सामुराई, आणि त्यानं जिच्याशी दगा केला ती बायको. त्यातून जपानची सगळ्यात गाजलेली भुताची गोष्ट, 'योत्सुया काइदान', जन्माला आली. पहिल्यांदा ती रंगमंचावर आली ती चुशिंगुराच्या प्रवेशांत गुंफूनच. जग तेच, पण दिवा दुसऱ्या कोपऱ्यात लावलेला.

युरीतली मुलींची शाळा हे असंच एक 'सेकाई' आहे, असं धरून वाचायला लागलं, की तक्रारीचा सूर आपोआप मावळतो. गच्ची आणि छत्री हे ठरलेलं जग. आता लेखिकेनं दिवा कुठे लावलाय, ते पाहायचं.

पान उलटण्याची कला

हा दिवा नेमका कुठे लागतो, ते कळायला मांगाच्या कारखान्यात डोकवावं लागतं. चित्रकार शाईला हात घालण्याआधी 'नेमु' काढतो. नेमु म्हणजे कच्चा आराखडा. कुठल्या पानावर किती चौकटी, कुठली मोठी, कुणाचं वाक्य कुठल्या फुग्यात. माणसं बरेचदा काठीला डोकं लावल्यासारखी, चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. संपादक हा नेमु वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, चित्रकार पुन्हा काढतो. गोष्ट 'जमली' की नाही, ते इथेच ठरतं. सुंदर रेखाटन त्यानंतरचं.

या आराखड्यातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे 'मेकुरी', पान उलटणं. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे चालतं. वाचक डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पोचतो, पान उलटतो, आणि नव्या उजव्या पानाची पहिली चौकट त्याच्यावर येऊन आदळते. ती आधी दिसू शकत नाही, कारण मध्ये कागद असतो. म्हणून हाक डाव्या कोपऱ्यात, उत्तर पानामागे. 'मला तू...' इथे, आणि वाक्याचा उरलेला भाग उलटल्यावर. त्या अर्ध्या सेकंदात वाचकाचं बोटच गोष्ट पुढे नेत असतं. कबुली ऐकायची की नाही, हे जणू आपण ठरवतो.

सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हाती असतो, इथे तो वाचकाच्या बोटात असतो. म्हणून चित्रकाराला वेळ जागेनं मोजावा लागतो. रिकामी चौकट म्हणजे थबकणं. चौकटीची रेघ गायब म्हणजे क्षण लांबला. फुग्याबाहेर तरंगणारे शब्द म्हणजे मनातले, समोरच्याला न ऐकू येणारे. मुलींच्या मांगानं ही भाषा कित्येक दशकं घासूनपुसून तयार केली. आणि 'न बोललेलं प्रेम' हाच जिचा विषय, त्या युरीला ही न बोलण्याची भाषा आयतीच मिळाली.

फाटकापाशी

आता एक पुस्तक जवळून पाहू. नाकातानी निओ यांची 'यागाते किमी नि नारु' ही मांगा 2015 ते 2019 या काळात आली. आठ खंड. लेखिकेची ही पहिलीच मालिका. वरवर पाहिलं तर शंभर टक्के 'स्टोरी ए' : हायस्कूल, विद्यार्थी परिषद, वरच्या वर्गातली देखणी तोको, नवखी यू, आणि सांस्कृतिक महोत्सवातलं नाटकसुद्धा.

दिवा कुठे लावलाय बघा. यूला प्रेमकथा आवडतात. गाण्यातले, पुस्तकातले प्रेमाचे शब्द तिला चमचमताना दिसतात, पण ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत. एका मुलानं तिला विचारलंय, आणि तिला काहीच वाटलेलं नाही. नकार कसा द्यावा, हे तिला उमगत नाही. तोकोलाही कितीतरी जणांनी विचारलंय आणि तिनं सगळ्यांना नकार दिलाय. यूला वाटतं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे. त्या मुलाला फोनवर नकार सांगताना तोको तिचा हात धरून बसते. फोन संपतो, पण तोको हात सोडत नाही. ती म्हणते, की मला वाटतं मी तुझ्या प्रेमात पडणार आहे.

आपल्यासारखी म्हणून जिचा हात धरला, तीच पहिल्या प्रकरणाच्या शेवटी पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहते. एरवी ही कबुली गोष्टीचा शेवट असते. इथे ती सुरुवात आहे, आणि तिनं यूला एकटं पाडलंय.

मग तो रेल्वे फाटकाचा प्रसंग. दोघी घरी निघाल्यात. फाटक पडतं. गाडी धडधडत जाते, आणि त्या आडोशाला तोको यूचं चुंबन घेते. हा देखावा जपानी प्रेमकथांत शेकडो वेळा आलेला असेल. गाडीचा आवाज म्हणजे काळजाचा आवाज, हे समीकरण वाचकाला पाठ आहे. नाकातानी गाडी आणतात, फाटक आणतात, घंटा आणतात, सगळा सरंजाम उभा करतात, आणि यूच्या छातीत काहीही होत नाही. गाडी निघून जाते. शांतता. आपण जी धडधड ऐकली ती आपलीच होती, हे वाचकाला तेव्हा कळतं.

एकही नवी वस्तू न वापरता केवढी नवी गोष्ट सांगितली! प्रेम जिला अजून सापडलेलं नाही, तिचं मन आतून कसं दिसतं? हा प्रश्न विचारायला झिजलेला देखावाच हवा होता. वाचकाला तो पाठ नसता, तर त्यातली शांतता ऐकूच आली नसती.

पुढे जाऊन या मांगानं मला खरोखर थक्क केलं. तोकोचं तेज खरं नाही. तिची थोरली बहीण अपघातात गेली. लहानपणापासून तोको त्या बहिणीसारखी होऊन जगतेय. तसंच हसणं, तसंच परिषदेचं अध्यक्षपद. बहिणीच्या वेळी अधुरं राहिलेलं परिषदेचं नाटकही तिला पुन्हा उभं करायचंय. म्हणजे ही मुलगीच एक नक्कल आहे. म्हणून तिला यू हवीशी वाटते : जी आपल्या प्रेमात पडत नाही, ती आपण अमुक एक असावं असा हट्टही धरणार नाही. यूनं आपल्यावर प्रेम करू नये, अशीच तिची विनवणी आहे.

परिषदेचं नाटक यूची मैत्रीण कोयोमी लिहिते. त्यातली नायिका स्मृती हरवून इस्पितळात आहे. तीन जवळची माणसं येऊन तिला 'तू अशी होतीस' म्हणून तीन वेगवेगळ्या मुलींची वर्णनं ऐकवतात. मूळ संहितेत नायिका त्यांतली एक निवडते. यू ते वाचते, अस्वस्थ होते, आणि कोयोमीकडे जाऊन शेवट बदलायला सांगते. नायिकेनं जुन्यांपैकी कुठलीच न निवडता आज जी आहे तीच व्हावं.

ठरलेली भूमिका, उसना चेहरा, आणि शेवट बदलण्याची विनंती. ही तोकोची गोष्ट आहे, आणि युरीचीही. 1971 मधल्या सिमोनपासून चालत आलेल्या भूमिका करणाऱ्या मुलींपैकी एकीला कुणीतरी म्हणतंय, की हे नाटक तू कर, पण शेवट तुझा असू दे. मालिकेच्या नावाचा अर्थच 'कालांतराने तू होशील' असा काहीसा आहे. नक्कल करता करता स्वतः होणं. कल्पना आणि मांडणी यांतलं भांडण इथे मिटलेलंच आहे, कारण मांडणीतूनच कल्पना उगवली आहे.

दिवे अनेक

एकदा ही नजर आली, की ठिकठिकाणी दिवे दिसू लागतात.

नागाता काबी यांनी 2016 साली गोष्टच काढून टाकली आणि स्वतःचं आयुष्य ठेवलं. एकटेपणा, खाण्याचा आजार, आईवडिलांच्या मान्यतेची भूक, आणि स्पर्शासाठी पैसे मोजून केलेली एक भेट. सगळं काळ्या आणि गुलाबी रंगात, गोल डोळ्यांच्या साध्या चित्रांत. ही चित्रकथा आधी इंटरनेटवर आली, मग तिचं पुस्तक झालं, आणि 2018 साली त्याच्या इंग्रजी अनुवादाला उत्कृष्ट मांगासाठीचा हार्वे पुरस्कार मिळाला.

अराई सुमिको यांची 2022 पासून ट्विटरवर आलेली मांगा तर जुन्यातला जुना डाव खेळते : वेषांतराचा गोंधळ. आया नावाच्या मुलीचा सीडीच्या दुकानातल्या रुबाबदार पोरावर जीव जडतो. तो पोरगा म्हणजे वर्गात तिच्याच शेजारी बसणारी अबोल मित्सुकी. पण अराईंनी काळ्यापांढऱ्यात एकच रंग मिसळला : झगझगीत हिरवा. तो हिरवा पानापानांतून संगीतासारखा वाजत राहतो. आणि दोघींना जोडतं ते रॉक संगीतच.

युझाकी साकाओमी यांच्या 'त्सुकुरिताई ओन्ना तो ताबेताई ओन्ना' या मांगात दिवा स्वयंपाकघरात आहे. नोमोतोला भरपूर रांधायला आवडतं, शेजारच्या कासुगाला भरपूर खायला. बास! नोमोतोचा डबा पाहून लोक म्हणतात, छान बायको होशील. खानावळीत कासुगापुढे बाई म्हणून कमी भात येतो, आणि ती शांतपणे नेहमीएवढा भात मागते. शाळा नाही, गच्ची नाही, दोन नोकरदार बाया आणि भाताची वाटी. प्रेमाचं नावही निघण्याआधी आपल्याला कळतं, की एकीनं वाढलेलं दुसरीनं पोटभर खाणं हीच इथली कबुली आहे. 2022 साली एनएचके या जपानी दूरचित्रवाहिनीनं त्यावर मालिका केली.

या तिघींपैकी कुणीही 'पूर्वी कधीच न घडलेली' गोष्ट शोधायला निघालेलं दिसत नाही. प्रत्येकीनं एका ठाऊक असलेल्या गोष्टीकडे इतक्या जवळून पाहिलं, की तिच्यातलं न सांगितलेलं सांगावंच लागलं. ज्यांना हे जवळून पाहणं जमलं नाही, त्यांची पुस्तकं चकचकीत कल्पना घेऊन येतात. पऱ्या, दुसरं जग, गुन्ह्याचं रहस्य. दहा पानांत कल्पना संपते आणि मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहतात. उलट नुसती हातोटी आहे, पण विचारायला प्रश्न नाही, तर पान देखणं होतं आणि मिटल्यावर विसरलं जातं. हात आणि प्रश्न, दोन्ही लागतात. पण सुरुवात हातापासून होते, कारण प्रश्न हातालाच सापडतो.

म्हणून विनंती एवढीच : यापुढे कुठल्याही गोष्टीबद्दल 'यात नवं काय?' असं विचारायच्या आधी एकदा पाहा, दिवा कुठे लावलाय.

शेवटी एक ठिकाण सांगतो. तोकियोजवळ कामाकुरा नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. शिमुरा ताकाको यांची 'आओई हाना' ही आठ खंडांची मांगा तिथे घडते. लहानपणी दुरावलेल्या फुमी आणि अकिरा पुन्हा भेटतात आणि त्या गावात वाढतात. तिथल्या एनोदेन या छोट्या रेल्वेला हासे नावाचं स्थानक आहे. त्याच हासे भागात एक जुनं, बुटकं, बागेतलं घर आहे. योशिया नोबुको आणि मोनमा चियो या घरात राहत होत्या. योशियांनी ते गावाला देऊन टाकलं, आणि कामाकुरा नगरपालिकेनं ते आजही जपून ठेवलं आहे.